रविवारी गुडघे टेकू नका



स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्त्याचा आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो. त्यात आजचा विषय आहे ‘ख्रिस्ती उपासनेतील आनंदाचे स्थान’. या सभागृहात ख्रिस्ती नसलेले श्रोतेही बरेच आहेत. ख्रिस्ती उपासना म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल? ओळीने मांडलेली बाके, पांढरेशुभ्र कपडे, गंभीर चेहरे आणि समोर क्रूस, म्हणजे देहदंड देण्याचे एक साधन. यात आनंद कुठे शोधायचा? नाताळातल्या केकमध्ये आणि खिडकीतल्या ताऱ्याच्या कंदिलात? आणि जे स्वतः मंडळीत वाढले, त्यांच्यात तरी एकमत कुठे आहे? एक पक्ष म्हणतो, देवाच्या घरात शांतता हवी, टाळ्या पिटायला ही काय सभा आहे? दुसरा पक्ष म्हणतो, मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूची उपासना मढे उचलल्यासारख्या चालीत काय करता, ड्रम आणा, कीबोर्ड आणा, हात वर करा. हा वाद जुना आहे आणि तो मिटवायला मी आलेलो नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता गृहीत धरून बसलेले आहेत. आनंद ही ज्याच्या त्याच्या मनाची अवस्था आहे, असे दोघेही मानतात. एकाला ती अवस्था देवळात आवरलेली हवी, दुसऱ्याला मोकळी सुटलेली हवी. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती उपासनेत आनंद हे एक काम आहे. ते मंडळीने मिळून करायचे असते. त्याला वार ठरलेला आहे, शरीराची ठेवण ठरलेली आहे, त्यातला इतरांचा वाटाही ठरलेला आहे. करणाऱ्याचे मन त्या वेळी हजर असेल तर उत्तमच. पण मन येईपर्यंत काम थांबत नाही.

पुराव्याकडे वळू. पहिला पुरावा ख्रिस्ती माणसाचा नाहीच. साधारण इ. स. ११२ मध्ये बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या भागाचा, रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजानला एक पत्र लिहिले. या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय, असा त्याचा प्रश्न होता. त्याने चौकशी केली, मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचे हालही केले, आणि हाती काय लागले? ठरलेल्या दिवशी हे लोक उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी-लबाडी करणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण जेवतात. उजाडण्यापूर्वी का? कारण रविवार तेव्हा कामाचा वार होता. रविवारच्या विश्रांतीचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, म्हणजे या पत्रानंतर दोनशे वर्षांनी. सुटी आहे म्हणून देवळात गेलेली ही माणसे नव्हेत. यांतल्या कित्येकांना सूर्य उगवला की मालकाच्या दाराशी हजर व्हायचे होते. ते झोप मोडून गायला येत. त्या पहाटे प्रत्येकाला उचंबळून येत होते असे म्हणायला आपल्याकडे आधार नाही; येत होते एवढे नक्की.

दुसरा पुरावा तर मला फारच मोलाचा वाटतो, आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. ३२५ साली निकाया येथे ख्रिस्ती मंडळीची पहिली मोठी परिषद भरली. ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या एरियसचे मत खोडून त्या देवत्वाविषयीचा मतांगीकार तिथे ठरला, हे सर्वांना माहीत असते. त्याच परिषदेने वीस नियमही केले. कुणाला बिशप करावे, छळाच्या काळात विश्वास सोडलेल्यांना परत कसे घ्यावे, व्याज खाणाऱ्या धर्मसेवकांचे काय करावे, असे व्यवहाराचे विषय त्यांत आहेत. आणि शेवटचा, विसावा नियम काय आहे? रविवारी आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या ५० दिवसांत काही लोक गुडघे टेकून प्रार्थना करतात. तसे करू नये, सगळीकडे एकसारखी पद्धत असावी म्हणून त्या दिवसांत उभ्याने प्रार्थना करावी. गुडघे टेकणे ही पश्चात्तापाची ठेवण, उभे राहणे ही उठलेल्या ख्रिस्तासोबत उठलेल्यांची. शंभराहून अधिक वर्षे आधी उत्तर आफ्रिकेत टर्टुलियननेही हेच लिहून ठेवले होते. आता बघा, परिषदेने ‘तुम्हाला आज कसे वाटते’ असे विचारले का? गुडघे टेकणाऱ्यांची भक्ती कमी होती असे म्हटले का? तिने फक्त सांगितले: आज रविवार आहे, उभे राहा. हीच गोष्ट पंचांगातही गोवलेली आहे. पाश्चात्त्य परंपरेत ईस्टरपूर्वीचे प्रायश्चित्ताचे दिवस ४०, पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोटांवर मोजलेत तर ते ४६ भरतात. वरचे सहा गेले कुठे? ते रविवार आहेत आणि रविवार उपवासात धरत नाहीत. आमच्याकडे ते ४० दिवस किती काटेकोरपणे पाळले जातात हे मी सांगायला नको: घरोघरी प्रार्थनासभा, ख्रिस्ताच्या क्रूसावरील सात वचनांवर संदेश, मांसाहार बंद, लग्नेसुद्धा पुढे ढकलली जातात. त्यानंतरचे ५० दिवस आनंदाचे आहेत, ते कुणी इतक्या नेमाने पाळताना दिसते का? ईस्टरच्या सोमवारी आम्ही कामावर, आणि आनंदाचे पंचांग मिटलेले.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. हुकमाने केलेला आनंद खोटा नाही का? नियम म्हणून उभा राहिलेला माणूस आणि आतून उभा राहिलेला माणूस सारखे कसे? सारखे नाहीत, हे मान्य. पण दुःखाच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारतो का? घरात कुणी गेले की सुतक पाळतात, गोडधोड करत नाहीत, सण साजरा करत नाहीत. त्या घरातल्या दूरच्या चुलत्याला खरोखर किती वाईट वाटले, हे मोजून कुणी त्याला सुतकातून मोकळे करत नाही, आणि त्याने ते पाळले म्हणून ढोंगी असेही म्हणत नाही. दुःखाला रीत लागते हे आपल्याला पटते. मग आनंदाला रीत लागते म्हटल्यावर एवढे खटकते का? बहुधा आनंद ही आपण खासगी मालमत्ता समजतो म्हणून.

जुन्या करारात तर ही समजूत पार मोडून काढलेली आहे. नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय पाहा. बंदिवासातून परतलेले लोक, नुकताच बांधून झालेला यरुशलेमेचा तट, पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे जमलेले. एज्रा लाकडी मंचावर चढून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात, लेवी मध्ये हिंडून अर्थ समजावतात. आणि लोक रडू लागतात. आपण किती चुकलो हे त्यांना कळलेले असते. रडणे अगदी खरे आहे, आतून आलेले आहे. आणि त्यांचे पुढारी त्यांना सांगतात की आज रडू नका, जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याला वाटा पाठवा. म्हणजे खरी भावना बाजूला ठेवायला सांगून आनंद करायला लावला, आणि त्या आनंदाचा पहिला तपशील काय, तर शेजाऱ्याचे ताट. दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचला ती गोष्ट लोकांना आठवते. त्याची बायको मीखल हिने खिडकीतून पाहून त्याचा तिरस्कार केला, तेही आठवते. पण नाच संपल्यावर त्याने जमलेल्या प्रत्येक पुरुषाला आणि प्रत्येक बाईला भाकरी आणि मनुकांची ढेप वाटली, हे सहसा प्रवचनात येत नाही. आणि उलट उदाहरण हवे असेल तर आमोस आहे. गरिबाला पायाखाली तुडवणाऱ्यांची गाणी देवाला गोंगाट वाटतात, असे तो बेधडक सांगतो. करिंथच्या मंडळीवर पौल कशासाठी चिडला होता? प्रभुभोजनाला जमल्यावर एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो, यासाठी. मेजवानी झाली यावर त्याचा राग नव्हता.

आता संयमाच्या पक्षाकडे वळतो. त्यांना थट्टेवारी नेणे सोपे आहे, पण त्यांच्यात फार मोठी माणसे आहेत. हिप्पोचा ऑगस्टिन त्यांतला पहिला. मिलानच्या देवळातले गायन ऐकून आपले डोळे कसे वाहिले, हे त्याने आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. आणि त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तो स्वतःलाच कोर्टात उभे करतो. शब्दांपेक्षा सूरच मला अधिक हलवून जात असेल तर माझे चुकते आहे, असे तो म्हणतो. गाणे अजिबात नकोच, इथपर्यंत तो जवळजवळ पोचतो आणि मग चाचरत परत फिरतो: दुबळ्या मनांना गाण्याचा आधार होतो, तेव्हा असू द्यावे. झुरिकचा सुधारक झ्विंगली मात्र परत फिरला नाही. अनेक वाद्ये सफाईने वाजवणारा हा माणूस. त्यानेच उपासनेतले संगीत बंद केले. १५२७ साली झुरिकच्या मोठ्या देवळातला ऑर्गन मोडला गेला आणि तिथल्या मंडळीने पुन्हा गायला १५९८ साल उजाडले. ज्याला गाण्यातले काही कळत नाही तो गाण्याला घाबरत नाही. घाबरतो तो जाणकार. सूर शब्दाला गिळू शकतो, ही त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. पुढे हीच धार प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता!

पण या कडक परंपरेचे पुढे काय झाले? सुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात वाद्ये नव्हती, अनेक सुरांची गुंफण नव्हती, फक्त छंदात बसवलेली स्तोत्रे सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. इतके सोलून काढल्यावर जे उरले त्यातूनच फ्रान्समधल्या छळ सोसणाऱ्या प्रॉटेस्टंटांना बळ मिळाले. १५५८ च्या मे महिन्यात पॅरिसला सीन नदीकाठच्या मैदानावर संध्याकाळी हजारो लोक जमून ती स्तोत्रे म्हणू लागले, तेव्हा राजाला मनाई करावी लागली. भीती होती की आनंद माणसाला देवापासून दूर नेईल. झाले असे की वाद्ये काढून घेतली तरी आनंद तिथून हलला नाही. ऑगस्टिनच्या शंकेला माझ्या मते हेच उत्तर आहे. एकटा बसून सुराचा आस्वाद घेणाऱ्याला ती शंका छळते. शेजाऱ्याबरोबर, आपल्या बऱ्यावाईट आवाजात, स्वतः गाणाऱ्याला ती फारशी छळत नाही. त्याला आस्वाद घ्यायला सवडच नसते.

हा आनंद हिरावून घेतल्यावर काय होते, याचा दाखला आपल्या घरचा आहे. गोव्यात सोळाव्या शतकात लोकांचा धर्म बदलला, देवळे पडली, पोथ्या गेल्या, १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. १५७९ साली तिथे आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत अनेक वर्षे राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. हे पुराण लिहावेसे का वाटले, त्याची हकिगत ग्रंथाच्या आरंभीच आहे. शिकवणीला बसलेला एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विचारतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तसे काही का दिले नाही? या प्रश्नात किती गोष्टी आहेत! शिकवणीत उणीव आहे असे तो म्हणत नाही. प्रश्नोत्तरी त्याला पाठ असणार. त्याला हवी आहे संध्याकाळ. पूर्वी जमून जे ऐकायचे, म्हणायचे, डोलायचे, त्याची रिकामी जागा तो दाखवतो आहे. सत्य मिळाले, पण ते सगळ्यांनी मिळून साजरे करायची रीत मिळाली नाही. स्टीफन्सला हे कळले. ज्या राजवटीने त्या पोथ्या घालवल्या तिच्याच आश्रयाने तो आला होता, हेही विसरू नये; ओव्या गोड आहेत म्हणून तो हिशेब मिटत नाही. तरीही रविवारी-सणावारी देवळांत ते पुराण वाचले-गायले जाई, आणि चारशे वर्षांनंतर आपण त्याचे नाव घेतो आहोत.

अहमदनगरला दोन शतकांनी हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने उभा राहिला. तिथे १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या संस्थेचे, म्हणजे पाच शिलिंग दंड करणाऱ्या त्याच प्युरिटनांच्या वंशातले. त्यांनी आणलेली गीते प्रामाणिक होती, पण मराठी शब्दांना इंग्रजी चालीचे जोडे घातलेले. ऱ्हस्व-दीर्घ कुठेही पडायचे. आणि याच मिशनच्या छायेत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले: पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदे, टाळमृदंगाची साथ. आक्षेप दोन्हीकडून आले असतील हे सांगायला इतिहासकार नको. एकाला ते फार हिंदू वाटणार, दुसऱ्याला आपला माल चोरल्यासारखे. नारायण वामन टिळकांनी पुढे या प्रकाराला कवीचा हात दिला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने ख्रिस्ताकडे जाणारी आपली वाट तुकोबांवरून गेली हे कधी लपवले नाही, आणि आजही ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांची पदे पानोपानी भेटतात. कीर्तनात महत्त्वाचे काय आहे? श्रोता तिथे नुसता श्रोता राहत नाही. धृपद त्याला उचलावे लागते, टाळी त्याला धरावी लागते. बाकावर बसून संदेश ऐकणाऱ्याला आनंद झाला तर झाला. कीर्तनातल्या माणसाला तो करावा लागतो.

‘हे सगळे ठीक, पण आवर कुठे घालायचा?’ हा पुढचा आक्षेप. त्यासाठी केडगावला जाऊ. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून रमाबाईंनी आणलेल्या शेकडो मुली, बालविधवा, टाकून दिलेल्या बायका तिथे होत्या. १९०५ च्या जूनअखेर तिथे जे आध्यात्मिक जागरण सुरू झाले त्याची वर्णने जगभर गेली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, पापे कबूल करत, तासन्‌तास रडत. आणि मग हसत, गात, नाचत. बाहेरच्या काही मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. शंका घेण्याचा त्यांना अधिकार होता, कारण कळपाने चढणारी भावना कळपाने उतरतेही. रमाबाईंची भूमिका मात्र स्वच्छ होती: भारतीयांना त्यांच्या स्वभावाला मानवेल तसे जागरण येऊ द्या, तो स्वभाव देवानेच घडवला आहे. संस्कृत पंडिता, ग्रीक-हिब्रूवरून एकटीने बायबल मराठीत आणणारी ही बाई. भाबडेपणाचा आरोप तिच्यावर चिकटणार नाही. मला त्या वर्णनांत दोन गोष्टी बोलक्या वाटतात. एक, रडणे आधी आले. ते उरकून, टाळून आनंदाकडे कुणी उडी मारली नाही. दुसरी, प्रार्थना संपल्यावर मुली परत मागावर, शेतात, छापखान्यात, अंधांच्या वर्गात गेल्या. त्या छापखान्यात रमाबाईंच्या बायबलची पाने बायकांनीच जुळवली, बायकांनीच छापली. ज्यांच्या नाचण्याला लोकांनी नाक मुरडले, त्यांच्या कामाला कुणाला नाक मुरडता आले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. ज्याचे दुःख ताजे आहे त्याने काय करायचे? परवा मूल गेलेल्या आईला रविवारी टाळ्या वाजवायला लावणार का? आजच्या पुष्कळ सभांमध्ये असे होते, हे मला स्पष्ट बोलले पाहिजे. मंचावरून माइकवर सांगतात, ‘सगळ्यांनी हात वर करा, आवाज मोठा होऊ द्या’. ज्याचा हात वर जात नाही त्याच्या विश्वासात काहीतरी कमी आहे असे न बोलता ठरते. आनंद हे मंडळीचे काम आहे या माझ्या म्हणण्याचा असा अर्थ कुणी काढला तर तो पार उलटा होईल. काम मंडळीचे आहे म्हणूनच ते एकेकट्याच्या मानेवर बसत नाही. ज्याला या रविवारी गाता येत नाही त्याच्या वाटचे गाणे इतरांनी गायचे. पुढे कधी त्याची पाळी येते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक विलापाची. शेवटच्या स्तोत्रात शिंग, वीणा, डफ, बासरी, झांजा, नाच सगळे येते. पण ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला आशेचे शेपूट कुणी जोडलेले नाही. ज्यांनी ही संहिता बांधली त्यांनी ते गाळले नाही. आम्ही गाळतो. आमच्या रविवारच्या निवडीत ते स्तोत्र कधी येते? विलाप काढून टाकलेल्या उपासनेत आनंदाला करायला काही उरत नाही, आणि मग तो आवाजाच्या बळावर उभा करावा लागतो.

या बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांच्यात एक फरक आहे, तो सांगून थांबतो. पश्चिमेकडच्या परंपरेत प्रायश्चित्तकाळात ‘आलेलुया’ म्हणत नाहीत. तो शब्द थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. त्या रात्री तो उच्चारताना जी खुमारी असते ती नाकारता येणार नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत नेमके उलटे: उपवासाच्या पहाटप्रार्थनेत ‘आलेलुया’ अधिक म्हणतात, आणि अंत्यविधीतही म्हणतात, प्रेत समोर ठेवलेले असताना. मला पूर्वेचे अधिक पटते. आपल्याकडेही अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मयताच्या घरी मंडळीतली माणसे पेटी, ढोलकी, टाळ घेऊन भजने म्हणायला येतात. घरच्यांनी साथ धरावी अशी कुणाची अपेक्षा नसते. घरची माणसे भिंतीला टेकून बसलेली असतात, रडायचे तर रडतात. हल्ली शहरांतल्या शिकलेल्या मंडळींना हे बरे दिसत नाही म्हणून ती पद्धत मागे पडू लागली आहे आणि तिची जागा मोबाइलवर हळू लावलेल्या ध्वनिमुद्रित गीतांनी घेतली आहे. भजनांची ती पद्धत बंद करू नये, असे माझे मत आहे. ध्वनिमुद्रिका सुरात असते, हे मान्य. पण त्या घरी रात्रभर बसायला ती उठून येत नाही.